साडूंचे नऊशे ग्रॅम

जगात अशी वस्तू नसेल जी माझ्या साडूंनी एकदा तरी उचलून पाहिलेली नाही. इतर माणसं वस्तूकडे बघतात, किंमत विचारतात, फार तर वास घेतात. आमचे साडू ती उचलतात, तळहातावर किंचित झुलवतात, डोळे अर्धवट मिटतात आणि वजन सांगतात. भाजीच्या दुकानातला फ्लॉवर असो, दिवाळीच्या फराळाचा डबा असो की दवाखान्यात नुकतं जन्मलेलं मूल, सगळ्यांना एकच न्याय. माझ्या मुलीला त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा बाकीची मंडळी नाक कोणाचं आणि कपाळ कोणाचं यावर वाद घालत होती. साडू म्हणाले, "तीन किलो एकशे चाळीस. दुपटं धरून." नर्सने हातातला कागद पाहिला, साडूंकडे पाहिलं, आणि मूल ताबडतोब परत घेतलं.

साडू हे नातं मुळात जरा अवघडच. भाऊ नाही, मित्र नाही. एकाच सासऱ्याने चार वर्षांच्या अंतराने घाईघाईत पसंत केलेले दोन इसम, एवढाच काय तो संबंध. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना भाऊजी म्हणते म्हणून मीही भाऊजी म्हणतो. ते मला 'साडूबुवा' म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. वयाने मोठे असूनही. ते अल बर्शात राहायचे, आम्ही करामात, आणि दुबईत माझी पंधरा वर्षं झाली तेव्हा त्यांची अठ्ठावीस झाली होती. या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकच काम केलं: वजनकाटे तपासण्याचं. सुपरमार्केटातले, सोनारांचे, कार्गोवाल्यांचे. मखमलीच्या खाचांत बसवलेली पितळी वजनं घेऊन ते दुकानोदुकानी जायचे आणि काटा खरा की खोटा ते सांगायचे. मी एका शाळेत ग्रंथपाल आहे, म्हणजे ज्यांना कोणी हात लावत नाही अशा वस्तू सांभाळणं हा माझा धंदा. त्यामुळे हात लावणाऱ्या माणसाबद्दल मला पहिल्यापासून आदर होता.

गावी जायच्या दिवसांत त्यांच्या इमारतीतली निम्मी बिऱ्हाडं आपल्या बॅगा त्यांच्या दाराशी आणून ठेवत. तीस किलोची मर्यादा असते, घरोघरी आकड्याचे काटे असतात, तरी लोकांचा भरवसा साडूंच्या मनगटावर. ते बॅग उचलत आणि म्हणत, "एकतीस दोनशे. खजुराचा एक डबा काढा. नाहीतर तो काका काढा, जो ब्लँकेट मागतोय." साताऱ्याचा एक फोरमन तर जत्रेतल्या देवासमोर उभं राहावं तसा हात जोडून उभा राहायचा. मी स्वतः पाहिलं आहे.

अशा माणसाला पन्नाशीनंतर सायकलचा नाद लागावा ही दुर्घटनाच म्हणायची. डॉक्टरांनी साखरेसाठी व्यायाम सांगितला होता. साडूंनी ऑफिसातल्या एका गोऱ्या साहेबाची जुनी सायकल घेतली आणि बर्शाच्या बागेतल्या ट्रॅकवर गोल फिरू लागले. इथवर ठीक होतं. पण इथला सायकल चालवणारा समाज हे एक स्वतंत्र संस्थान आहे. पहाटे चकचकीत, अंगाला घट्ट कपडे घातलेले, डोळ्यांवर कीटकासारखे चष्मे लावलेले पुरुष जमतात, चाळीस किलोमीटर फिरतात आणि साठ किलोमीटरचं बोलतात. उरलेला वेळ कॉफी पिताना एकमेकांच्या सायकली एका बोटावर उचलून दाखवण्यात जातो. वस्तू उचलून पाहणं हा साडूंना आपला एकट्याचा वेडेपणा वाटत होता. इथे त्यांना त्याचा पंथच भेटला.

मग घरात फरक दिसू लागले. सायकलची घंटा गेली, कारण ती एकशे दहा ग्रॅम. त्याऐवजी ते समोरच्याला "यल्ला, यल्ला" असं ओरडायचे. तोंडाला वजन नसतं. शर्टांची लेबलं कापली. पाण्याच्या दोन बाटल्यांपैकी एक कमी केली आणि तेवढं पाणी निघण्याआधी पिऊन घ्यायला लागले. मी म्हणालो, "भाऊजी, पोटातलं पाणीसुद्धा तुमच्याबरोबरच चढतं." ते शांतपणे म्हणाले, "बाटलीतलं पाणी सायकलच्या खात्यात. पोटातलं माझ्या. डिपार्टमेंट वेगळं आहे." त्यांची मुलगी फोनवरून मान वर न करता म्हणाली, "बाबा, इट्स स्टिल वॉटर."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण एका संध्याकाळी ते मला सायकलींच्या दुकानात घेऊन गेले. दुकान कसलं, देऊळच होतं: थंड, शांत, मंद दिवे, आणि भिंतीवर अंतराअंतराने टांगलेल्या फ्रेम. चाकं नाहीत, सीट नाही, नुसता सांगाडा. साडूंनी खिशातून बॅगा मोजायचा आकड्याचा काटा काढला तेव्हा तिथला फिलिपिनो विक्रेता आदबीने म्हणाला, "सर, वेट इज रिटन हिअर." साडू म्हणाले, "आय नो, हबीबी. आय चेक." लिहिलेल्यापेक्षा फ्रेम बारा ग्रॅम जास्त भरली. विक्रेत्याने आत जाऊन मॅनेजरला आणलं, मॅनेजरने पुन्हा मोजलं, आणि पुढची दहा मिनिटं ते दोघे साडूंना आपल्याच दुकानातले इतर काटे दाखवत होते. जाताना मॅनेजरने त्यांना 'डॉक्टर' म्हणून निरोप दिला.

"साडूबुवा, उचला," ते मला म्हणाले. मी उचलली. काही नव्हतंच हातात. कार्बनची, गडद हिरवी, वाळलेल्या शेंगेसारखी हलकी. "माझ्या फ्रेमपेक्षा नऊशे ग्रॅम कमी," साडू म्हणाले. "बाकी सगळे पार्ट जुनेच बसवायचे. फक्त फ्रेम. आठ हजार दिरहम. म्हणजे जवळजवळ दोन लाख."

"नऊशे ग्रॅमसाठी दोन लाख?"

"वर्थ आहे का, तेच तर तुम्हाला विचारतोय. तुम्ही शिकलेले आहात."

मी शिकलेला असल्यामुळे शिकलेली माणसं देतात तेच उत्तर दिलं. म्हणालो, "भाऊजी, तुमचं पोट दोन किलोने कमी करा. फुकट होईल."

त्यांना राग आला नाही. फ्रेम त्यांनी परत खुंटीला लावली, हलक्या हाताने, देवाला फूल वाहावं तशी. "पोट कमी व्हायला दोन हिवाळे लागतात," ते म्हणाले. "माझ्याकडे एकच आहे."

तेव्हा मला खरं प्रकरण कळलं. कंपनी त्यांना एप्रिलमध्ये निवृत्त करणार होती. व्हिसा संपणार, बिऱ्हाड नाशिकला जाणार, हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते एवढंच, की अल ऐनला जो एक डोंगर आहे, जेबेल हफीत, त्यावर सायकलने चढायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मागच्या दोन हिवाळ्यांत कोणाला न सांगता ते दोनदा गेले होते आणि दोनदा परतले होते, एकाच वळणावरून. बारा किलोमीटरचा चढ. सात-आठ किलोमीटरनंतर एक वळण येतं आणि तिथून वरचा सगळा रस्ता एकदम दिसतो, कोणीतरी उभ्या भिंतीवर नाडी फेकावी तसा. "तिथं पाय टेकतो," साडू म्हणाले. "आपोआप. मी टेकत नाही, तो टेकतो. अठ्ठावीस वर्षं या देशात राहिलो, सगळा देश सपाट. एक डोंगर आहे. तोही न चढता घरी जायचं?"

यावर उत्तर ताईंकडे होतं. बायकोच्या थोरल्या बहिणीला मी ताई म्हणतो. ताईंचं म्हणणं एवढंच की दोन लाखांत नाशिकच्या फ्लॅटला मॉड्युलर किचन होतं, आणि किचनला वळण नसतं. घरात भांडण झालं नाही. त्या घरात भांडणं होत नाहीत. फक्त ओट्यांच्या फोटोंचं एक पुस्तक जेवणाच्या टेबलावर आलं आणि तिथेच राहिलं.

साडूंच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने हट्ट केला असता किंवा हट्ट सोडला असता. पण हा माणूस काटे तपासणारा. त्यांनी चाचणी काढली. "नऊशे ग्रॅम काढता येत नाहीत," ते म्हणाले, "पण घालता येतात. फरक तोच. तो मला कळतो का, ते बघायचं. मला न सांगता." योजना अशी: चार शनिवार अल ऐनला जायचं. सीटखालच्या पिशवीत एक तर नऊशे ग्रॅम मसूर डाळ असेल, नाहीतर तेवढ्याच आकाराचे चुरमुरे. दोन्ही जुन्या टॉवेलात गुंडाळलेले, म्हणजे बाहेरून फरक दिसू नये. पिशवी मी भरायची, आणि तीही मनाने नाही, नाणं उडवून. दिरहमच्या नाण्यावर कॉफीची सुरई असते. सुरई आली तर डाळ, आकडा आला तर चुरमुरे. साडूंनी सायकल उचलायची नाही, पिशवीला हात लावायचा नाही, फक्त चालवायची. मी गाडी घेऊन मागे, धोक्याचे दिवे लावून. जिथे पाय टेकेल तिथे त्यांनी वहीत उत्तर लिहायचं, मग पिशवी उघडायची. फरक कळला तर फ्रेम घ्यायची, नाही कळला तर किचन. "फायनल," साडू म्हणाले. ताईंनी नऊशे ग्रॅम मसूर स्वतः मोजून दिली. साडूंनी ती परत मोजली. अठ्ठावीस वर्षांच्या संसारानंतरसुद्धा.

पहिल्या शनिवारी आकडा आला. मी चुरमुरे भरले. उजाडताना पायथ्याशी सायकल उतरवली आणि त्यांच्या मागून ताशी आठ किलोमीटरच्या वेगाने मी गाडी हाकत राहिलो. माणूस मागून कसा दिसतो याचा एवढा अभ्यास मी आयुष्यात केला नव्हता. वळण आलं, साडूंनी मान वर केली, रस्ता पाहिला, पाय टेकला. वहीत लिहिलं: डाळ. पिशवी उघडली. चुरमुरे. ते त्यांनी मूठभर खाल्ले आणि म्हणाले, "एक चूक धरा."

दुसऱ्या शनिवारी चुरमुरेच होते आणि त्यांनी चुरमुरेच लिहिलं. पाय त्याच वळणावर टेकला. तिसऱ्या शनिवारी डाळ होती. साडूंनी बराच विचार केला, पाण्याचा घोट घेतला, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी चेहरा ग्रंथालयात ठेवतो तसा ठेवला. त्यांनी चुरमुरे लिहिलं. परतीच्या रस्त्यात वाळूच्या टेकड्या मागे पळत होत्या. मग साडू म्हणाले, "हाताला कळतं. पायाला कळत नाही बहुतेक." थोड्या वेळाने, "एक शनिवार राहिला."

मी खोटं बोलणार नाही: चौथ्या शनिवारी पिशवी रिकामी ठेवावी असं माझ्या मनात आलं होतं. नाणं काहीही सांगो, वजन नसलं तर निदान ते वर पोहोचतील म्हणून. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे खरे केले त्याच्या पिशवीत खोटं भरायचं, हे मला जमेना. नाणं उडवलं. सुरई आली. डाळ भरली.

त्या दिवशी साडू वेगळेच होते. हरलेला सामना खेळणाऱ्या माणसाला एक निवांतपणा येतो, तसा नव्हे. ते तपासणीला बसले होते. मान खाली, नजर पुढच्या चाकावर, सगळं लक्ष बुडाखालच्या पिशवीत. मी काच खाली केली होती. मला त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं: "डाळ... नाही, चुरमुरे... थांब, थांब... मागचं चाक ओढतंय का? नाही." चार किलोमीटर. सहा. सात. ऊन कड्यावर उतरलं होतं. वळण आलं.

त्यांनी मान वर केलीच नाही.

वळण गेलं. माझा हात हॉर्नवरून मी उचलून मांडीवर ठेवला, चुकून दाबला जाऊ नये म्हणून. वरचा सगळा रस्ता समोर पसरला होता, आणि तो फक्त मी पाहत होतो. साडू आपले डाळ की चुरमुरे करत त्या नाडीवरून मुंगीसारखे चढत होते. एकदा वेग इतका कमी झाला की मला वाटलं, सायकल आता विचार करून आडवी होणार. "चुरमुरे," साडू मोठ्याने म्हणाले आणि पुढे सरकले. पुढचं वळण, त्याच्या पुढचं. कोणीतरी खाली उतरणारा चकचकीत सायकलस्वार हात हलवून गेला. त्यांना तोही दिसला नाही. सगळ्यांत शेवटी, रस्ता संपला म्हणून साडू थांबले.

वर गाड्या लावायची मोठी जागा आहे. पाय टेकल्या टेकल्या, धापा टाकत, त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "लिहून घे. चुरमुरे. शंभर टक्के. आज पिशवी मोकळी आहे." मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पुढे चढ नव्हता. चारी बाजूंना खाली अल ऐन होतं, खजुरांचे हिरवे पट्टे आणि त्यांच्या पलीकडे नुसती वाळू. "हे कुठं आलो आपण?" त्यांनी विचारलं. आणि मग कळलं. ते सायकल तशीच धरून उभे राहिले. जवळच एक अमिराती कुटुंब सतरंजी पसरून बसलं होतं. त्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थाने एकंदर प्रकार पाहिला, "माशाल्ला" म्हटलं आणि थर्मासमधून कॉफीचे दोन पेले भरून पाठवले.

मी पिशवी उघडून टॉवेल सोडला. मसूर डाळ. साडूंनी पुडा तळहातावर घेतला, झुलवला. "नऊशे," ते हळूच म्हणाले. "डाळ घेऊन आलो की रे मी."

"हो."

"म्हणजे फरक कळत नाही."

"चारांत एकदा बरोबर. नाण्याला याहून जास्त कळतं."

"म्हणजे फ्रेम नको."

"नको," मी म्हणालो. मला खरोखर आनंद झाला होता, त्यांच्यासाठी आणि थोडा माझ्यासाठीही. महाग वस्तूंविरुद्धचा खटला मी आयुष्यात पहिल्यांदाच पुराव्यासह जिंकला होता.

साडूंनी कॉफीचा घोट घेतला. मग म्हणाले, "मग आता घ्यायला हरकत नाही."

"काय?"

"फ्रेम. बघ ना. इतके दिवस ती औषध होती. औषधाला दोन लाख घालणं बरोबर नाही, तुझी ताई बरोबर बोलत होती. आता तिचा उपयोग काही नाही, हे सिद्ध झालं. आता ती नुसती सुंदर आहे." त्यांनी पेला रिकामा केला. "अठ्ठावीस वर्षांत मी उपयोगाची नाही अशी एकही वस्तू घेतली नाही रे."

मी उत्तर शोधलं. खर्चिकपणाविरुद्ध मी जमवलेले सगळे युक्तिवाद उपयोगाच्या बाजूचे होते. निरुपयोगी, सुंदर वस्तूविरुद्ध माझ्याकडे एकही निघाला नाही. दोन खोल्यांच्या घरात पाच कपाटं पुस्तकं ठेवणाऱ्याकडे तो असणार कुठून? तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. वर पोहोचल्यापासून ते मला अरे-तुरे करत होते. मी ते दाखवून दिलं नाही, न जाणो परत 'साडूबुवा' करतील.

संध्याकाळी बर्शाला ताईंपुढे निकाल वाचून दाखवला, सगळा, फरक कळत नाही इथपासून घ्यायला हरकत नाही इथपर्यंत. मुलगी म्हणाली, "दॅट मेक्स झीरो सेन्स, बाबा," आणि उठून वडिलांना घट्ट मिठी मारली. ताईंनी टेबलावरचं ओट्यांचं पुस्तक मिटलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"रंग कुठला?"

एप्रिलमध्ये ते गेले. विमानतळावर फार काही झालं नाही. आमच्यात ते होत नाही. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला वाटलं, आता माझं वजन सांगतील. पण त्यांनी नुसता ठेवला. शनिवारी अजूनही मला पहाटे जाग येते. चहा करतो, खिडकीतून करामाचा रिकामा रस्ता बघतो, पुस्तक उघडतो. बायको विचारते, "कुठे जायचंय का?" कुठेच जायचं नसतं.

परवा रविवारी त्यांचा फोन आला. नाशिकबाहेरच्या कुठल्याशा घाटातून बोलत होते, वारा फार होता. ताईंचा ओटा कसा झालाय ते सांगितलं, जुनाच, फक्त रंगवलेला. मुलीच्या परीक्षेचं सांगितलं. फ्रेमचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "गाववाले विचारतात, काका, ही चालते का? मी म्हणतो, बघायला ठेवलीय." आणि मग, मी फोन ठेवायच्या बेतात असताना, "एक सांगू का तुला? चढ तसा काही नाही इथला. जेबेल हफीतच्या निम्मासुद्धा नाही. पण मागे तुझ्या गाडीचे दिवे नसले की वळण जरा मोठं वाटतं."

मी डिसेंबरच्या रजेचा अर्ज टाकला आहे. नाशकात आठवडाभरासाठी गाडी भाड्याने मिळते का, तेवढं ताईंना विचारायचं राहिलं आहे.